हसताना हात तोंडावर जातो? दात नीट करून घ्यायचेत तर कुठल्या क्रमाने जायचं

माझं लहानपण यवतमाळ जिल्ह्यात गेलं, पांढरकवड्याच्या बाजूला. गावात प्यायला हापशीचं पाणी, थंडगार, चवीला पण छान, आणि त्याच पाण्यात फ्लोराईड. वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या पटाशीच्या दातांवर तपकिरी पट्टे होते त्यामुळे गावात कुणाला त्याचं काही वाटायचंच नाही. पुण्याला कॉलेजला आले तेव्हा होस्टेलवर रूममेटने अगदी साध्या मनाने विचारलं, "अगं तू दात घासत नाहीस का?" त्या दिवसापासून हसताना माझा हात तोंडावर जायला लागला तो पुढची चौदा-पंधरा वर्षं. त्यात सातवीत असताना हापशीचा दांडा सुटून तोंडावर बसला होता, समोरचा एक दात हळूहळू राखाडी पडला होता, तो वेगळाच.

चौतिसाव्या वर्षी दात करून घेतले. त्यात एक चूक झाली जी आता कधीच दुरुस्त होणार नाही, ती पुढे सांगते. ज्यांना यातलं काहीच माहीत नाहीये आणि पहिल्यांदाच दातांच्या डॉक्टरकडे "जरा हसू चांगलं दिसेल असं काहीतरी करा" म्हणायला जाणारेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. ट्रीटमेंट खूप आहेत, नावं पण खूप आहेत, पण खरा प्रश्न कुठली करायची हा नसतो, आधी काय आणि नंतर काय हा असतो. क्रम चुकला की पैसे दोनदा जातात, आणि कधीकधी दात पण जातो.

पायरी १. आधी आरशात नीट बघा

सकाळी खिडकीपाशी उभं राहून मोबाईलवर फोटो काढा, फिल्टर-बिल्टर काही नको. एक साधा हसतानाचा, एक ओठ बोटांनी वर-खाली ओढून, आणि दोन्ही बाजूंनी एकेक. मग स्वतःलाच विचारा की नेमकं काय खुपतंय. रंग? तुटलेली कड? दोन दातांमधली फट? वाकडेतिकडे दात? दात पडून राहिलेली जागा? की हिरड्याच जास्त दिसतात? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे आणि डॉक्टरला पण "छान करा" पेक्षा "हा दात बाजूच्यापेक्षा काळा दिसतो" असं सांगितलं की पटकन कळतं.

रंगाचं थोडं जास्त सांगते कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. डाग दोन प्रकारचे. एक वरून बसलेले, म्हणजे चहा, पान, तंबाखू, मिश्री आणि त्यावर चढलेलं किटण. हे क्लिनिंगने निघतात. दुसरे आतले, दाताच्या अंगातच असलेले. फ्लोरोसिस त्यातलाच. दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, मुलाच्या पोटात जास्त फ्लोराईड गेलं की वरचं कवच नीट पक्कं होत नाही, मग त्यावर पांढरे ठिपके येतात आणि पुढे त्यात तपकिरी रंग धरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं असं भारतीय मानक सांगतं, दुसरं पाणीच नसेल तर फार फार तर दीड. आमच्याकडच्या कितीतरी बोअरला त्याहून जास्त. म्हणजे त्या पट्ट्यांचा घासण्याशी काहीएक संबंध नाही. हे मला बाराव्या वर्षी कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून तुमच्या घरात असं पोर असेल तर आजच सांगा त्याला. लहानपणी ठरावीक अँटिबायोटिक, टेट्रासायक्लिन, घेतल्याने पडलेला करडा-पिवळा रंग पण आतलाच, आणि मार लागून नस मेलेल्या दाताचा राखाडी रंग पण आतलाच.

आतला डाग घासून जात नाही, उलट घासून वाढतो. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल, त्याच्या खालचा थर असतो डेंटिन, तो मुळातच पिवळा. कोळशाची पावडर, खरखरीत मंजन, मीठ, लिंबू-सोडा असलं काही रोज घासलं की इनॅमल झिजतं आणि खालचा पिवळा जास्त दिसायला लागतो, मग माणूस अजून जोरात घासतो. शिवाय इनॅमल परत उगवत नाही, नख-केसासारखं ते नाहीये. बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण एवढं डोक्यात ठेवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावर येऊन थांबतो.

पायरी २. डॉक्टर कसा निवडायचा

बीडीएस झालेला डॉक्टर क्लिनिंग, फिलिंग, साधं रूट कॅनाल (दाताच्या आतली खराब नस काढून ती जागा भरणं), कॅप हे सगळं करू शकतो. एमडीएस म्हणजे त्यापुढची तीन वर्षं एकाच शाखेत. तारांसाठी ऑर्थो, हिरड्यांसाठी पेरिओ, रूट कॅनाल आणि पुढच्या दातांचं बारीक भरणं यासाठी एन्डो, कॅप-ब्रिज-कवळी यासाठी प्रोस्थो. काम मोठं असेल तर त्या शाखेचा माणूस कोण आहे हे विचारायला लाजू नका, चांगले डॉक्टर स्वतःहूनच सांगतात की हे माझं काम नाही, मी अमुक मॅडमना बोलावते. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर क्लिनिकमध्ये लावलेला असतो, तो बघा. आठवडी बाजारात पाल टाकून बसलेला माणूस हातोहात दात बसवून देतो, तिकडे चुकूनही जाऊ नका, तो कच्चं प्लास्टिक शेजारच्या दातांना आणि हिरडीला चिकटवतो, खाली सगळं सडत राहतं आणि काढताना शेजारचे चांगले दात पण हलतात.

बजेट कमी असेल तर डेंटल कॉलेज. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. शिकणारे विद्यार्थी काम करतात पण शिक्षक प्रत्येक टप्प्याला येऊन तपासतात, त्यामुळे वेळ भरपूर जातो, चार-चार चकरा होतात, पण खर्च बाहेरच्यापेक्षा खूपच कमी. माझ्या मावसभावाने समोरच्या दाताचं रूट कॅनाल आणि कॅप नागपूरच्या कॉलेजमध्ये करून घेतलं, काम एकदम व्यवस्थित.

आता माझी चूक. मी एका चकाचक क्लिनिकमध्ये गेले, नाव घेत नाही. वीस मिनिटांत सांगितलं गेलं की वरच्या आठ दातांना झिरकोनियाच्या, म्हणजे धातू नसलेल्या, दाताच्या रंगाच्या कॅप लावू, डाग-बिग सगळं झाकलं जाईल, आठवड्यात काम फत्ते. मला वाटलं कॅप म्हणजे वरून टोपी घालायची. दाताला चहूबाजूंनी एक-दीड मिलिमीटर घासून बारीक करावं लागतं हे मला खुर्चीत बसल्यावर कळलं, तेही मशीनचा आवाज थांबल्यावर. इंजेक्शनमुळे ओठ बधिर होता, मी जिभेने चाचपलं तर राखाडी दाताच्या शेजारचा माझा धडधाकट दात, ज्याला फक्त डाग होता, तो खुंटीसारखा लागला. मी तिथेच थांबवलं. तात्पुरती प्लास्टिकची कॅप लावून घेतली आणि घरी आले. राखाडी दाताला आधीपासूनच कॅप होती, बाकीचे सहा दात वाचले पण त्या एकाला आता जन्मभर कॅप लागणार, आणि ती दर काही वर्षांनी बदलावी पण लागणार. म्हणून सांगते, तारीख घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "यात माझा चांगला दात किती घासला जाणार आहे?" याचं उत्तर मिलिमीटरमध्ये मिळालं पाहिजे.

पायरी ३. तपासणी आणि कागदावर प्लॅन

पहिल्या भेटीत फक्त तपासणी, फोटो, एक्स-रे. गरज वाटली तर सगळ्या जबड्याचा एक मोठा एक्स-रे काढतात, त्याला ओपीजी म्हणतात. शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, प्रेग्नन्सी, हाडांसाठी चालू असलेली औषधं, कसली ॲलर्जी, सगळं सांगायचं. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ते दातांचे डॉक्टर आणि तुमचे हार्टचे डॉक्टर मिळून ठरवतील.

प्लॅन लिहून मागा, दाताच्या नंबरासकट. नंबर समजायला सोपा आहे. वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४, आणि मधून मागे मोजत जायचं. म्हणजे वरचा उजवा समोरचा दात ११, त्याच्या शेजारचा १२, सुळा १३, तसंच डावीकडे २१, २२, २३. माझा राखाडी दात ११ आणि घासला गेलेला २१. बिलावर पण हेच नंबर येतात, त्यामुळे कुठल्या दाताचे पैसे लागले ते कळतं. आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर एक्स-रे मागून घ्या, पैसे तुम्ही दिलेत, एक्स-रे तुमचे आहेत.

पायरी ४. आधी घर झाडून घ्या

दुसऱ्या क्लिनिकमधल्या मॅडमनी मला रंगाचं नावही काढू दिलं नाही. आधी क्लिनिंग, मग दोन दाढांतली कीड, मग ११ नंबरचं कॉलेजात असताना केलेलं जुनं रूट कॅनाल तपासलं, आणि सगळं झाल्यावर म्हणाल्या, "आता बोला रंगाबद्दल." सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीवर कॅप किंवा व्हेनिअरची (दाताच्या पुढून चिकटवायचा पातळ पापुद्रा) कड नीट बसत नाही, माप चुकतं, आणि कीड ठेवून वर सजावट केली तर सहा महिन्यांत ठणका लागतो.

क्लिनिंगने दात हलतात, फटी पडतात असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. होतं काय की वर्षानुवर्षांचं किटण दातांच्या मध्ये सिमेंटसारखं भरलेलं असतं, ते निघालं की मूळची फट दिसते, आणि हिरडी आधीच खाली गेली असेल तर त्या किटणाच्या आधाराने उभा असलेला दात हलल्यासारखा वाटतो. मशीन दात घासत नाही, थरथरून किटण फोडतं. चार-आठ दिवस गार-गरम शिवशिवतं, मग थांबतं. खूप जणांना तर क्लिनिंग आणि पॉलिशिंग झाल्यावर पुढचं काही करावंसंच वाटत नाही, आणि तेवढ्यावर थांबणं हा पण उत्तम निर्णय आहे.

तंबाखू, गुटखा, मिश्री लावणाऱ्यांनी इथे जरा थांबा. तोंड उघडल्यावर आपलीच तीन बोटं उभी आत जात नसतील, तिखट लागल्यावर आग होत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, पंधरा दिवसांत न भरलेला फोड असेल, तर दात पांढरे करायचं डोक्यातून काढा आणि आधी ते दाखवा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरीही गावात प्रत्येक घरात एक माणूस सापडतो, आमच्याही घरात होता.

पायरी ५. दात वाकडे असतील तर आधी तारा

वाकडे दात घासून कॅपने सरळ दाखवता येतात आणि तसं करून देणारेही आहेत, पण चांगले दात घासण्यापेक्षा दात जागेवर सरकवणं केव्हाही चांगलं. मेटलच्या तारा, दाताच्या रंगाच्या सिरॅमिकच्या तारा, नाहीतर काढता-घालता येणारे पारदर्शक अलायनर. साधारण वर्ष ते दोन वर्षं लागतात. अलायनर दिवसाला बावीस तास घालायचे असतात, जेवताना आणि दात घासताना काढायचे तेवढेच, तेवढी शिस्त नसेल तर सरळ तारा लावा. चाळिशीत पण तारा लागतात, हिरड्या आणि हाड चांगलं असलं की झालं. तारा काढल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारी पट्टी, वापरायचा म्हणजे वापरायचाच, नाहीतर दात परत जुन्या जागी जायला लागतात. आणि पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट (हाडात बसवायचा स्क्रू) बसवायचं असेल तर तेही तारांनंतर, कारण इम्प्लांट हाडात पक्कं होतं, ते तारांनी हलत नाही.

पायरी ६. रंग

रंग आकाराच्या आधी. कारण ब्लीचिंगने फक्त खरा दात उजळतो, कॅप, व्हेनिअर, फिलिंग यांचा रंग बदलत नाही. आधी कॅप बसवून नंतर ब्लीचिंग केलं तर दात पुढे आणि कॅप मागे, असं विचित्र दिसतं.

ब्लीचिंग दोन प्रकारे होतं. क्लिनिकमध्ये हिरड्यांना संरक्षक थर लावून जोरकस जेल लावतात, तासा-दीड तासात फरक दिसतो. दुसरं घरचं, म्हणजे तुमच्या दातांचं माप घेऊन पातळ पारदर्शक ट्रे बनवतात, त्यात सौम्य जेलचा तांदळाएवढा ठिपका प्रत्येक दाताच्या जागी घालून रात्री लावायचा. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं घरचं ब्लीचिंग १९८९ मध्ये अमेरिकेतल्या दोन दंतवैद्यांनी मांडलं, आजही तीच पद्धत सगळ्यात भरवशाची मानतात. नेहमीच्या पिवळेपणाला दोन आठवडे पुरतात, फ्लोरोसिसच्या तपकिरीला जास्त लागतात, मला सहा आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात पांढरे ठिपके अजूनच पांढरे दिसायला लागले, मी घाबरून फोन केला, मॅडम म्हणाल्या थांबा, बाकीचा दात उजळला की ते मिसळतील, आणि बऱ्यापैकी मिसळले. दात शिवशिवले तर एक रात्र सोडायची. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल तर थांबा, आणि अठराच्या आतल्या मुलांना नको.

त्या दिवसांत डाग धरणारं काही खायचं नाही. आपल्या स्वयंपाकघरात हे सगळ्यात अवघड, कारण हळद कशात नाही? क्लिनिकमध्ये केलं तर निदान दोन दिवस चहा, कॉफी, हळद, बीट, कोकम, जांभूळ बंद. मी ते दिवस दहीभात, इडली आणि हळद न घातलेल्या पांढऱ्या पोह्यांवर काढले.

फ्लोरोसिससाठी ब्लीचिंगच्या आधी माझं मायक्रोअब्रेजन झालं. दातांभोवती रबराचा पडदा ताणून बसवतात, मग सौम्य ॲसिड आणि बारीक पावडरची पेस्ट डागावर हळूहळू फिरवून धुतात, परत फिरवतात. मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढा थर जातो आणि वरवरचा तपकिरी रंग त्याच्याबरोबर जातो. इंजेक्शन लागलं नाही. पहिल्या बैठकीनंतर हातात आरसा दिला तेव्हा डावा सुळा आणि त्याच्या शेजारचा दात स्वच्छ होते आणि उजवीकडचे अजून तसेच, आणि तो फरक बघून मला खुर्चीतच रडू आलं. पांढऱ्या ठिपक्यांसाठी रेझिन इन्फिल्ट्रेशन म्हणून अजून एक पद्धत आहे, त्यात पातळ द्रव ठिपक्यात मुरवतात आणि प्रकाशाने कडक करतात. डाग फार खोल असतील, इनॅमलला खड्डे पडलेले असतील तर मात्र एवढ्याने भागत नाही.

नस मेलेला राखाडी दात असेल आणि त्यावर अजून कॅप नसेल तर रूट कॅनालनंतर दाताच्या आतूनच ब्लीचिंग करता येतं. हे मला कॉलेजच्या वयात कुणी सांगितलं असतं तर ११ ला कॅप कदाचित लागलीच नसती.

पायरी ७. आकार: बॉन्डिंग, व्हेनिअर, कॅप

ब्लीचिंग संपल्यावर साधारण दोन आठवडे काहीच करायचं नाही. एकतर रंग थोडा मागे येऊन स्थिर होतो, आणि दुसरं म्हणजे दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे लगेच चिकटवलेलं नीट धरत नाही.

मग सगळ्यात कमी घासण्यापासून सुरुवात करा. तुटलेली कड, छोटी फट, बारीक दात यासाठी बॉन्डिंग, म्हणजे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट थरावर थर लावून निळ्या लाइटने कडक करतात. बहुतेक वेळा दात घासावाच लागत नाही, एका बैठकीत होतं, आणि नाही आवडलं तर काढता येतं. १९५५ मध्ये ब्यूनोकोर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने दाखवलं की इनॅमलवर फॉस्फोरिक ॲसिड काही सेकंद लावलं की ते सूक्ष्म खडबडीत होतं आणि त्यावर प्लास्टिक घट्ट धरतं, आजचं बॉन्डिंग आणि व्हेनिअर दोन्ही त्याच्यावरच उभं आहे. कॉम्पोझिट साधारण पाच-सात वर्षं टिकतं, चहा-हळदीने कडांना रंग धरतो, वर्षातून एकदा पॉलिश करावं लागतं. माझ्या १२ नंबरला हेच केलंय.

व्हेनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा सिरॅमिकचा पातळ पापुद्रा, नखासारखा. बहुतेक वेळा अर्धा मिलिमीटरच्या आसपास घासावं लागतं, म्हणजे कॅपपेक्षा खूप कमी, पण तेही कायमचंच. खोल फ्लोरोसिस, टेट्रासायक्लिन यांना हे चांगलं, नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं जातात. रात्री दात खाणाऱ्यांनी आधी त्याचा बंदोबस्त करायचा.

कॅप फक्त तेव्हा जेव्हा दात आधीच खूप मोडलाय, किडलाय किंवा रूट कॅनालने कमजोर झालाय. आतून धातू आणि वरून सिरॅमिक असलेली कॅप स्वस्त आणि दणकट, दाढांना ठीक, पण समोर लावली की काही वर्षांनी हिरडी थोडी वर सरकते आणि कडेला काळसर रेघ दिसायला लागते. माझ्या ११ ला तीच रेघ होती. समोरच्या दातांना झिरकोनिया किंवा ई-मॅक्स (हा पण सिरॅमिकचाच प्रकार), दोन्हीत धातू नसतो.

मोठं काम असेल तर मॉक-अप केल्याशिवाय हो म्हणू नका. आधी मापावर मेणाने नवीन दात घडवतात, त्याचा साचा करून त्यात तात्पुरतं मटेरिअल भरून तुमच्या दातांवर दाबतात, पाच मिनिटांत नवीन आकार तुमच्या तोंडात. आरशात बघा, बोला, "फळा, फुगा, वाफ" म्हणून बघा, घरच्यांना फोटो पाठवा. लांब वाटले तर तिथेच कमी करता येतात.

आणि शेड, म्हणजे दाताच्या रंगाची छटा. माझी शेड ठरवायची वेळ सकाळी अकराची दिली होती, लिपस्टिक न लावता या म्हणून सांगितलं होतं. खिडकीपाशी उभं केलं, मरून कुर्त्यावर करडा कपडा घातला कारण कपड्याच्या रंगाने डोळा फसतो, आणि दातांच्या सोळा नमुन्यांची पट्टी काढली, ए१ पासून डी४ पर्यंत. एकेक नमुना दाताशेजारी धरून पाच सेकंद बघायचं, मग नजर बाजूला. मला सगळ्यात पांढरा हवा होता, मी बी१ वर बोट ठेवलं. मॅडमनी तो तसाच धरून फोटो काढला आणि मला दाखवला, फोटोत आधी फक्त तेवढाच दात दिसत होता, बाकी चेहरा नंतर. डोळ्याच्या पांढऱ्या भागापेक्षा दात पांढरा नको, असं त्या म्हणाल्या. शेवटी हिरडीजवळ ए२ आणि कडेला किंचित पारदर्शक असं ठरलं. कॅप लॅबमधून आल्यावर कायमच्या चिकटवायच्या आधी घालून दाखवतात, तेव्हा परत उजेडात जाऊन बघायचं, आवडली नाही तर परत पाठवायची, तुमचा तो हक्क आहे. एकदा सिमेंट झालं की कापूनच काढावी लागते.

लग्न ठरलंय आणि पंधरा दिवस राहिलेत म्हणून जे येतात त्यांना एवढंच सांगते की तेवढ्यात क्लिनिंग, आणि मग क्लिनिकमधलं ब्लीचिंग नाहीतर थोडं बॉन्डिंग, एवढंच बसतं. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की मग आठ-आठ कॅप गळ्यात पडतात. माझं सगळं मिळून साधारण चार महिने लागले, तारा नव्हत्या तरी.

पायरी ८. पडलेले दात

इथे आईचं सांगते. आईने चाळीस वर्षं मिश्री लावली, तीन दाढा आणि समोरचे दोन दात गेले. पर्याय तीन होते. ब्रिज म्हणजे दोन्हीकडचे दात घासून त्यांच्या आधाराने मधला टांगायचा, लवकर होतं पण शेजारचे दात चांगले असतील तर त्यांचा बळी जातो. इम्प्लांट म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू. टायटॅनियम हाडाला पक्कं धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या पायावरचा वेगळाच प्रयोग करताना लक्षात आलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा माणसाला इम्प्लांट बसवलं. स्क्रू बसवल्यावर हाड धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने, वरच्या जबड्यात थोडे जास्त लागतात, मग त्यावर कॅप. हाड पुरेसं हवं, शुगर ताब्यात हवी, आणि तंबाखू-सिगरेट चालू असेल तर ते निकामी व्हायची शक्यता वाढते. इम्प्लांट केलंत तर कंपनी, साइज, लॉट नंबरचं स्टिकर मागून फाईलला लावा, दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू सैल झाला तर तेच कामाला येतं.

आईची शुगर वर होती, हाडही झिजलेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, काढता-घालता येणारी अर्धी कवळी घ्या. आम्हाला वाटलं पैशांमुळे कमी प्रतीचं देतायत, पण तिच्यासाठी तेच बरोबर होतं. पैशांचं म्हणाल तर दर गावागणिक आणि क्लिनिकगणिक बदलतात, दोन ठिकाणी विचारा, आणि सुंदर दिसण्यासाठीच्या कामाला मेडिक्लेम सहसा पैसे देत नाही हे धरूनच चाला.

पायरी ९. झाल्यावर

मऊ ब्रश, फ्लोराईडची पेस्ट, दिवसातून दोनदा, दोन मिनिटं. फ्लोराईडवाल्या गावातून आलेले लोक पेस्टमधल्या फ्लोराईडला घाबरतात, पण मोठ्यांना त्याचा फायदाच होतो, लहान मुलांनी मात्र तीन वर्षांपर्यंत तांदळाएवढी, पुढे वाटाण्याएवढी पेस्ट घ्यायची आणि थुंकायला शिकायचं. गावात पिण्याचं पाणी कुठून येतं आणि त्याची तपासणी झालीय का हे ग्रामपंचायतीत विचारा. कॅपच्या कडेला आणि ब्रिजखाली फ्लॉस किंवा बारीक बॉटलब्रशसारखा ब्रश फिरवायचा, कीड तिथेच शिरते. सुपारी फोडणं, बाटलीचं झाकण दातांनी उघडणं, दातांनी धागा तोडणं बंद. रात्री दात खात असाल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच, बनवून घ्या. सहा महिन्यांनी एकदा दाखवा.

कवळी असेल तर रात्री काढून ठेवायची, हिरड्यांना आराम लागतो. उकळत्या पाण्यात टाकायची नाही, वाकडी होते. घासताना खाली पाण्याचं टमरेल किंवा टॉवेल ठेवायचा म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. सुकी ठेवायची नाही, साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. आईची स्टीलच्या वाटीत असते, वर झाकण, आणि झाकणावर तिने स्वतः खडूने "आईचे दात" लिहून ठेवलंय, कारण पहिल्या आठवड्यात माझ्या भाच्याने ते पाणी ओतून वाटी घासायला टाकली होती.